नंदीचं आधार कार्ड

तान्ह्या पोळ्यासाठी सुताराने घडवलेला लाकडी नंदी दुकानात देखणा असतो. व्हॉट्सॲपवर मात्र तोच आधार कार्डावरच्या माणसासारखा दिसतो: ओळखता येतो, आवडत नाही. वाशिम जिल्ह्यात कुठेही विचारा, दोष मोबाइलवर जातो आणि जास्त मेगापिक्सेलवाला घ्यायचे बेत सुरू होतात. माझ्या मते मोबाइल निर्दोष आहे. खरा आरोपी फ्लॅश. वाटाण्याएवढा तो दिवा भिंगाला खेटून बसलेला असतो. त्याचा उजेड समोरून आदळला की वशिंडाची, कोरलेल्या घुंगरमाळेची सावली वस्तूमागे दडते आणि पॉलिशवर पांढरा डाग तेवढा उमटतो. कोरीवकाम दिसतं ते सावलीमुळे. म्हणून उजेड बाजूने यावा आणि मोठ्या जागेतून यावा. मोठ्या म्हणजे आकाराने; हॅलोजन लावून उपयोग नाही. दारात पांढरं धोतर ताणलं की अख्खं दारच दिवा होतं. पलीकडे थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली हवी तेवढी पातळ होते. आतला पिवळा बल्ब मात्र बंद हवा, नाहीतर कॅमेरा दोन उजेडांत गोंधळतो आणि नंदीला एका कुशीवर कावीळ होते. मोबाइल नाकाशी धरला तर नाक वशिंडाहून मोठं येतं. त्यापेक्षा चार पावलं मागे सरून झूम करावं. हात थरथरतो? दोन विटा आणि टायमर पुरेत.

पुस्तकं म्हणतात, उत्तरेच्या खिडकीपाशी फोटो काढा, तिथे ऊन येत नाही. हा सल्ला लंडनला बव्हंशी ठीक आहे. वाशिम २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यच किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर तो ईशान्येतून, वायव्येतून सरळ डोकावतो. सुदैवाने पोळा श्रावणातल्या अमावास्येचा. तोवर ढगांनी आकाशभर धोतर ताणलेलं असतं, तेही फुकट. स्वस्तात चांगलं चित्र येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आठवावं की १९१३ साली पडद्यावर आलेला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ उन्हाच्या उजेडात चित्रित झाला होता. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार-लोहारांसह १८ व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या पैशांत रंधा घ्यावा. धोतर आजोबांकडे मागावं.

‘गिऱ्हाईक लाकूड ठोकून बघतंच, फोटो कशाला?’ हा आक्षेप रिसोडच्या बाजारापुरता बिनतोड आहे. पण पोरासाठी नंदी मागवणारा बाप चाकणला असेल तर तो ठोकणार कशावर? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सजवून काढलेला फोटो म्हणजे फसवणूक. इथे गंमत अशी की बाजूचा उजेड पक्का चुगलखोर असतो. रंध्याची खूण, लांबी भरून बुजवलेली भेग, घाईत फिरवलेला पॉलिश पेपर, सगळं तो गावभर सांगतो. खोट लपवायची असेल त्याने खुशाल फ्लॅश मारावा. फसवणूक होते ती बहुधा मापात, म्हणून शेजारी टेप ठेवावा. नाहीतर पोराला बसायला मागवलेला नंदी डब्यातून निघतो तो मुठीत मावणारा. चकचकीत वस्तूंची अडचण निराळी. लोहाराच्या नव्या फाळात फोटो काढणारा बनियनसकट उतरतो, आणि पोहरादेवीकडच्या तांड्यांतल्या आरसेकामात तर जेवढे आरसे तेवढे फोटोग्राफर. तिथे वस्तू थोडी तिरपी करावी, म्हणजे आरशांना आपल्याऐवजी धोतर दिसतं. आरशांचीही तक्रार नसते.