या, पण बाहेर पडू नका

योकोहामाच्या त्सुरुमी मार्गावरचं उमी-शिबाउरा स्थानक १९४० सालचं. फलाटाच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला कठडा आणि खाली थेट कालव्याचं पाणी. स्टेशनमास्तर नाही, तिकीट तपासणारा नाही. कार्ड टेकवायचं यंत्र तेवढं उभं. त्सुरुमी सोडलं तर १९७१ पासून या मार्गाची सगळीच स्थानकं अशी बिनमाणसांची. प्रवाशांवर रेल्वेचा केवढा हा विश्वास!

तोशिबाचा मात्र नाही. स्थानकाची वाट सरळ कंपनीच्या आवारात शिरते. कामगार असाल तर ओळखपत्र दाखवून पुढे. नसाल तर पाणी बघा आणि मुकाट्याने परतीची गाडी धरा. म्हणजे रेल्वेचा माणूस नाही, पण कारखान्याचा पहारेकरी हजर. अखेर १९९५ साली कंपनीलाच दया आली आणि तिने अडकलेल्या पाहुण्यांसाठी फलाटाला लागून चिमुकली बाग केली. फिरायला मोकळीक, निघायला नाही.

याच मार्गावर आसानो, आन्झेन, ओकावा ही स्थानकं बड्या उद्योगपतींच्या नावांवरून ओळखली जातात. पाटीवर शेठजी, खोलीत कोणी नाही. ओकावाला तर सुटीच्या दिवशी गाड्याही बोटांवर मोजण्याइतक्याच येतात; शेठजींचा रविवार तेवढा पाळला जातो.