हरित समिती: उगम आणि कार्य

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायटीत हरित समिती बहुधा मालमत्ता कराच्या बिलातून उगवते. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर महापालिका करात 5 टक्के सूट देते, दोन असतील तर 10. पृथ्वीची काळजी त्यानंतर वाटू लागते. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनीही 5,000 चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा ‘शक्यतो’ आवारातच जिरवायला सांगितले. या ‘शक्यतो’वर पुढे अनेक सभा होतात.

पहिले काम व्हॉट्सॲप ग्रुप काढण्याचे. त्यानंतर खतखड्ड्याची जागा. खड्डा हवा यावर एकमत असते, आपल्या खिडकीखाली नको यावर त्याहून पक्के. शेवटी तो वॉचमनच्या खोलीमागे होतो, कारण वॉचमनला मत नसते.

खड्ड्याचे शास्त्र सोपे आहे: ओल्या कचऱ्यावर वाळक्या पानांचा थर द्यावा, अधूनमधून वरखाली करावे. हवा कोंडली की वास आणि अळ्या ठरलेल्या. प्रत्यक्षात त्यात शिळी आमटी पिशवीसकट पडते, आणि वाळकी पाने माळी पहाटे कुंपणापाशी जाळतो. पिशवी फोडून आतला डायपर वेगळा काढण्याचे काम कचरावेचक ताई हातांनी करतात. समितीत त्या नसतात.

खत तयार होते तेव्हा ते कोणी न्यायचे यावर वाद होतो. सवलतीच्या अर्जाला जोडायचा खड्ड्याचा फोटो मात्र आधीच काढलेला असतो.