आर्यनमध्ये गाडी लावा, आठवणी काढा

पुण्यात सकाळी सहा ते आठ ही जुन्या फोटोंची वेळ. पेन्शनर मंडळी फिरून आलेली असतात, चहा झालेला असतो आणि नातवाने शिकवल्याप्रमाणे अंगठा फोनवर अचूक जागी पडतो. लकडी पूल, लक्ष्मी रस्ता, मंडई, शनिवारवाडा. फोटो काळापांढरा, रस्त्यावर एक टांगा, दोन सायकली आणि पगडीवाले एक गृहस्थ. खाली मजकूर ठरलेला : ‘हे होतं आपलं पुणं. खऱ्या पुणेकरालाच ओळखता येईल.’ न ओळखण्याची किंमत इतकी जबर असल्यावर सगळ्यांनाच ओळख पटते.

मग सालावरून वाद पेटतो. फोटो २५ सालचा की ३५ सालचा, यावर दुपारच्या वामकुक्षीपर्यंत वेळ बरा जातो. कधी कधी फोटोत चक्क ट्राम असते. पुण्यात ट्राम कधी धावलीच नाही. ती मुंबईची, आणि तिथेही ती १९६४च्या मार्चअखेर बंद झाली. तरी खाली एक काका लिहून जातात, ‘याच ट्रामने आमचे वडील नूमवि शाळेत जायचे.’ त्याला चौदा जणांचे नमस्कार येतात.

सगळ्यात जास्त उसासे पडतात ते रिकाम्या रस्त्यावर. काय ती शांतता! आता एकोणिसाव्या शतकातल्या काचेवर चित्र उमटायला बराच वेळ लागायचा आणि तेवढ्यात जे हललं ते उमटायचंच नाही, किंवा धूसर व्हायचं. हमाल, पाणके, पळती पोरं, भांडणाऱ्या भाजीवाल्या सगळ्या पुसल्या गेल्या. उरले वाडे, झाडं आणि श्वास रोखून उभे राहिलेले ते पगडीवाले गृहस्थ. म्हणजे पुण्याची ती सुप्रसिद्ध शांतता निम्मी तरी कॅमेऱ्याच्या आळसाची. उघड्या गटारांचा वास तर कुठल्याच काचेवर उमटत नसे. १८९७च्या प्लेगात मात्र पेठा खरोखरच ओस पडल्या होत्या आणि लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहत होते. पण तेव्हाचा फोटो पाठवला, तरी ‘निवांत पुणं’ असंच उत्तर येईल.

मंडईचा फोटो आला की डोळे विशेष पाणावतात. तो अष्टकोनी मनोरा, ती दगडी ऐट! पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. मग नगरपालिकेने गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ही इमारत उभारली आणि १८८६मध्ये ‘रे मार्केट’ सुरू झालं. पालिकेत सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांचा या खर्चाला विरोध होता; एवढा पैसा शिक्षणावर का खर्च करू नये, हा त्यांचा सवाल होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना त्यांनी पुढाकार घेतला आणि त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. एखाद्याचं म्हणणं फेटाळायचं आणि त्याच दगडांवर त्याचं नाव कोरायचं, इतका नीटनेटका सन्मान पुण्याबाहेर सहसा मिळत नाही. आता २०२४च्या सप्टेंबरअखेरपासून मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो जाते. स्टेशनालाही फुल्यांचंच नाव आहे.

फुल्यांची मुलींची शाळा १८४८मध्ये जिथे सुरू झाली, त्या भिडेवाड्याचे फोटो मात्र या सकाळच्या रतिबात फारसे नसतात. वाडा दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर होता. देवळाबरोबर सेल्फी काढणाऱ्या भाविकांच्या कॅमेऱ्याची पाठ त्यामुळे कायम वाड्याकडे. वर्षानुवर्षं कज्जा चालला, भिंतींना झाडं फुटली आणि डिसेंबर २०२३मध्ये, स्मारकासाठी म्हणून, वाडा एका रात्रीत पाडला गेला. जेसीबीचे फोटो मात्र झकास आले.

मंडईजवळ पुणेकरांनी आठवणी जपण्याची एक स्वतंत्र पद्धत शोधून काढली आहे. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह, १९१५चं. मूकपटांपासून बोलपटांपर्यंत सगळं पाहून ते १९८३मध्ये बंद पडलं. शेजारचं मिनर्व्हाही गेलं. दोन्ही जागांवर महापालिकेचे वाहनतळ आले आणि नावं जशीच्या तशी राहिली. त्यामुळे आज पुणेकर घरात विचारतो, ‘आर्यनला जागा मिळेल का?’ आणि आजोबांना वाटतं, तिकिटांबद्दलच विचारतोय. दिवाळीच्या खरेदीत तर तिथे हाउसफुल्लचा बोर्डही लागतो.

जुलै हा पानशेतचा महिना. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याने दम सोडला. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग बुडाला, लकडी पूल पाण्याखाली गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास धरून ठेवलं, म्हणून लोंढा अंधारात न येता दिवसाउजेडी आला आणि असंख्य जीव वाचले. हे सगळं खरं आणि भयंकर. पण आठवणींतल्या पाण्याची पातळी दरवर्षी थोडी वाढते आहे. सुरुवातीला उंबऱ्याला लागलेलं पाणी आता माडीच्या कठड्याला लागतं, आणि त्या दिवशी ज्या कौलांवर चढल्याचं लोक सांगतात, ती कौलं एवढ्या वजनाने पुराआधीच खाली आली असती. पूरग्रस्तांना गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हटमध्ये, लोकमान्यनगरात, सहकारनगरात वसवलं गेलं. तेव्हा ‘एवढ्या लांब कोण राहणार’ म्हणून कुरकुर झाली असणार. आज त्या ‘लांब’च्या जागेचा भाव कोणी विचारत नाही, कारण ऐकवत नाही.

आणि मग वाडा. चौक, हौद, तुळशीवृंदावन, लाकडी खांब. फोटोखाली : ‘बिल्डर लोकांनी वाट लावली.’ बिल्डर खिडकीतून चोरासारखा आला नव्हता. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठवली. पाचपंचवीस रुपये भाड्यात मालक कौल बदलेना, आणि एवढ्या स्वस्तात राहणारा भाडेकरू जागा सोडेना. भिंतींतून पिंपळ निघाले, भावाभावांत दावे लागले. नवा कायदा २०००च्या मार्चअखेर लागू झाला, तोवर कित्येक वाडे टेकूवर होते. शेवटी सगळ्या भावांनी एकत्र येऊन एकाच कागदावर सह्या केल्या. आजोबांच्या श्राद्धाला न जमलेला हा योग पुनर्विकासाच्या करारावर जुळून आला. खांब बुधवारी की रविवारी जुन्या बाजारात गेले, हे आता कोणाला आठवत नाही. सकाळी वाड्याचा फोटो येतो तो मात्र त्याच जागेवरच्या पाचव्या मजल्यावरून, लिफ्ट आणि दोन पार्किंग मिळालेल्या फ्लॅटमधून.

लकडी पुलावरून मेट्रो जाणार म्हटल्यावर २०२१मध्ये गणेश मंडळांनी कामाला जोरदार विरोध केला. विसर्जनाचे रथ मेट्रोखालून जाणार कसे? काम थांबलं, चर्चा झाली, गर्डर चढले. आता नदीचा, पुलाचा आणि पगडीसारख्या छपराच्या डेक्कन स्टेशनचा फोटो मेट्रोच्या गाडीतूनच सगळ्यात छान येतो म्हणतात.

हल्ली आठवणींचं वयही उतरलंय. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल उभा होता तोवर त्याच्या रचनेला शिव्या देणं हा नागरी कर्तव्याचा भाग होता. जुलै २०२०मध्ये मेट्रोच्या कामासाठी तो पाडला. आता त्याचाही फोटो फिरतो, पिवळट तपकिरी रंग देऊन. पाठवणारा पंचविशीतला, मजकूर ‘माझं बालपण’. फोटो टाळेबंदीतला आहे. पुलावर पोलीस सोडून चिटपाखरू नाही. खाली पहिलीच प्रतिक्रिया : ‘तेव्हा ट्रॅफिक नव्हतंच हो पुण्यात.’