एटो द्या, वर पैसे द्या

२००९ साली लीग, कोपा देल रे आणि चॅम्पियन्स लीग एकाच मोसमात जिंकलेल्या बार्सिलोनाला एकच उणीव सलत होती : उंची. मग सॅम्युएल एटो इंटर मिलानच्या हवाली करून, वर सुमारे साडेचार कोटी युरो मोजून झ्लाटान इब्राहिमोविच आणला. चेंडू गेला की सगळ्यांनी धावायचं, अशा प्रशिक्षक ग्वार्दिओलांच्या शिस्तीत हा जवळजवळ साडेसहा फुटी संस्थानिक! गोल केले त्याने, रेआल माद्रिदला हरवणाराही केला. नाही कशाला म्हणा? पण मेस्सीला मधली जागा हवी होती, आणि तिथे हे महाशय उभे. वर्षभरात स्वारी उसनवारीवर एसी मिलानला. तोवर एटोच्या इंटरने तिन्ही करंडक पटकावले होते, वाटेत उपांत्य फेरीत बार्सिलोनालाच घरी पाठवून. वाहतूक खर्च मात्र बार्सिलोनाने आधीच भरला होता.