अण्णा ॲडमिन

तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं आणि वाचनालयाला एक कार्यवाह असतो. बँकेतून निवृत्त झालेला, खिशाला दोन पेनं लावणारा, आणि ‘जरा बाहेर पडत जा’ असं घरच्यांनी एकदा सांगितल्यापासून बाहेरच असणारा. गाव त्याला अण्णा म्हणतं. अलीकडे हे अण्णा वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही झालेत. कार्यवाहपदासाठी निदान निवडणूक तरी होते, ॲडमिनपद तहहयात.

सुरुवातीला अण्णा रोज पहाटे गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि विवेकानंदांच्या नावावर एक सुविचार टाकत. विवेकानंद खरंच तसं म्हणाले होते का, हे बघायची सोय पाठीमागच्याच कपाटात होती. पण अण्णांनी ती कधी वापरली नाही. 12 ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती. फोटो टाकताच भराभर हात जोडले गेले आणि दोघांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहिली. रंगनाथन 1972 सालीच गेलेत, हे सांगायला अण्णा जातीनं त्या दोघांच्या घरी जाऊन आले.

एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतो, हा अण्णांना वैयक्तिक अपमान वाटतो. ‘‘असू द्या अण्णा, रंगनाथनांचे नियमसुद्धा पाचच होते,’’ अशी समजूत ग्रंथपाल बाईंनी घातली. बाई देवघेवीच्या टेबलाशी बसतात आणि गावात कोण काय वाचतं, काय वाचल्याचं नुसतं सांगतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

एवढं होऊन वाचनालयात येणारे तेच, पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवून ठेवणारे.

मग अण्णांनी थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायचं ठरवलं. ‘‘टाका,’’ बाई म्हणाल्या, ‘‘फक्त पहिलं नाव अध्यक्षांचं आहे.’’ अण्णांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गुलाबाऐवजी एका कादंबरीचं मुखपृष्ठ आलं. खाली मजकूर : ‘हरवली आहे. रंग निळा, बांधणी खिळखिळी. 2019 साली वाचनालयातून निघून गेली. कोणी रागावणार नाही, दंड माफ आहे, असशील तिथून परत ये.’

गाव हललं. निळी कादंबरी दिवेलागणीला पिशवीत गुंडाळून व्हरांड्यात अवतरली. पाठोपाठ आणखी आल्या. अध्यक्षांची पुस्तकं नातवानं आणून दिली, ‘आजोबांनी सांगितलंय, मला सापडली म्हणून सांग,’ असंही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. एका पुस्तकात किराण्याची जुनी यादी निघाली. बाईंनी तिचा फोटो टाकायला लावला. ‘हे आमच्या आईचं अक्षर,’ असं तीन घरांनी ठासून सांगितलं. त्या वादात मस्कतमधला एक भाचा पडला आणि पडता पडता विचारून बसला, ‘वाचनालयाला काही हवंय का?’

अण्णा बँकेतले. ‘सढळ हस्ते मदत करा’ वगैरे त्यांनी लिहिलं नाही. वाळवी लागलेल्या कपाटाचा फोटो, लोखंडी कपाटाचं दरपत्रक, आणि जमलेल्या प्रत्येक देणगीची पावती, रोज. कपाट आल्यावर बिल टाकलं आणि उरलेल्या पैशांचा हिशेबही. आपल्याकडे देणगी मागणारे पुष्कळ. हिशेब न मागता देणारा अण्णांसारखा विरळा. ग्रुप खऱ्या अर्थानं वाचनालयाचा झाला तो त्या बिलानं, असं माझं मत आहे.

1967च्या ग्रंथालय कायद्यामुळं अशा वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. पण त्यातून पगार भागवून (आणि तो पगार बाई कोणाला सांगत नाहीत) नव्या पुस्तकांना उरतं थोडंच. बाकीचं गावानंच उभं करायचं असतं.

सध्या अण्णांनी दिवाळी अंक योजनेचा संदेश टाकलाय : एकदा वर्गणी भरा, सगळे अंक घरी नेऊन वाचा. खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले. तुमच्याही गावच्या अण्णांनी असं काही टाकलं असेल, तर कृपा करून तुम्ही हात जोडू नका. खिशात घाला आणि वर्गणी घेऊन जा. बाई संध्याकाळी असतात.