इंजिनाला बोहल्यावर चढवणाऱ्या रंगाऱ्यास



गेल्या आषाढात आमच्या शिडाच्या होडीचं जुनं डिझेल इंजिन आपण ‘नव्यासारखं’ करून दिलंत. त्याची उमेदीची वर्षं मुंबईच्या खाऱ्या पाण्यात गेली. उतारवयात मुळशीच्या गोड्या पाण्यावर सुखानं राहावं, वारा पडला की आम्हाला काठाला आणून सोडावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आपण त्याला थेट बोहल्यावर चढवलंत. काय तो निळा रंग, काय ती चकाकी! मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आता ते परत कसे मागवायचे, तेवढं सांगा.

दिवाळीपर्यंत नवरदेवाचे पापुद्रे सुटले. नखानं एक उचलला तर तळहाताएवढा निघून आला, आणि त्याच्या पाठीला काय चिकटलेलं होतं? ग्रीस. आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची तरी आधी बैल धुतात हो!

दोष हवेचा, असं आपण म्हणालच. बरोबर आहे. ताम्हिणीचा पाऊस शेजारी, चार महिने कपाटातले कपडेसुद्धा वाळत नाहीत. म्हणून तर आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना रंगाचा डबा उघडू नये आणि धातू दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश उबदार असावा, असा या कामातला साधा नियम आहे. आपण तो भर पावसात, गळक्या पत्र्याखाली मोडून दाखवलात.

शिवाय आपला हात सढळ. पाण्याच्या रबरी पाइपला रंग, त्यामुळे तो चिरलाय हे कळायला मार्ग नाही. ऑइलची डिपस्टिक रंगानं जागच्या जागी चिकटवलेली. अर्थिंगच्या वायरचा बोल्ट काढून, त्याखाली रंग लावून, पुन्हा घट्ट आवळलेला. मग स्टार्टर नुसता ‘टक’ म्हणून गप्प बसायचा आणि मी दोन महिने बॅटरीला शिव्या घालत होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा ऑइलपेंट लावलात, तो पहिल्याच फेरीत असा धुमसला की काठावरच्या बायका बादल्या घेऊन धावल्या.

खरवडायचं आपण का टाळलंत, तेही कळलं. गंज झाकला की संपला, असा आपला समज असावा. पण लोखंडाचा गंज होताना त्याला दुपटीहून अधिक जागा लागते. तो रंगाखाली फुगतो आणि रंगालाच वर ढकलतो. आमचा मुळशीचा तलाव धरणाचा. त्याखाली अख्खी गावं गेली, त्या धरणाविरुद्ध सेनापती बापट 1921 मध्ये उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या गावांच्या खुणा अजून वर येतात. एवढ्या पाण्याला झाकता आलं नाही, तिथे आपला दोन हातांचा ऑइलपेंट!

सध्या मी संध्याकाळी वायर ब्रश घेऊन बसतो. सगळं इंजिन उघडं करत नाही. जिथे धरून आहे तिथला रंग राहू देतो, सुटलेल्या कडा पॉलिश पेपरनं उतरत्या करतो, थिनरच्या फडक्यानं पुसतो, मग रेड ऑक्साइड आणि वर पातळ दोन हात. या वेळी रंग फिकट राखाडी घेतलाय. दिसायला अगदीच सरकारी, पण त्यावर ऑइलचा एक थेंब ओघळला तरी लगेच दिसतो. आपल्या गडद निळ्याखाली हेडची गॅसकेट किती दिवस पाझरत होती कोण जाणे.

आता ती गॅसकेट मागवायची आहे. दुकानदार इंजिनाचा नंबर विचारतो. आपण नंबरप्लेटवरही तीन हात मारले होते. थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक आकडा मोकळा केला, फक्त शेवटचा राहिला. तिथे आपण पत्र्याचा पोचा लांबीनं भरून, घासून, अगदी गुळगुळीत केलाय. साऱ्या इंजिनात मन लावून केलेलं काम तेवढं एकच.

तो आकडा शेवटचा आपणच पाहिलाय. 3 होता की 8, आठवत असेल तर कळवा.

आपला,
एक उपकृत होडीवाला