समजासाहेब

१९९०च्या आसपास भोसरी-चिंचवडच्या बऱ्यापैकी कारखान्यांत असा एक माणूस असायचाच. हुद्दा कॉस्टिंगचा, वय चाळिशीपुढचं, सव्वापाच इंची फ्लॉपी वहीत आणि वही काखेत. आमच्याकडे एकुलता एक पीसी एकुलत्या एका एसी खोलीत असे. धुळीनं बिघडतो म्हणून दाराशी चपलांचा ढीग. मालकसुद्धा मोज्यांवर आत यायचे. मोज्याला भोक असलं की त्या दिवशीची मीटिंग केबिनमध्ये.

आमच्या या गृहस्थांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बोलायला तोंड उघडलं की पहिला शब्द ‘समजा’. “समजा, पोलाद आठ टक्क्यांनी चढलं...” लोटस वन-टू-थ्री या स्प्रेडशीटच्या एका चौकोनात आठ भरायचे, एफ-नाईन दाबायचं. आकडे आपोआप बदलण्याची सोय त्यांनी मुद्दाम बंद ठेवली होती. कारण सांगत, शीट मोठं आहे, मशीन अडतं. खरं कारण, ते बटण दाबण्यातली मजा त्यांना सोडवत नव्हती. वरच्या कोपऱ्यात ‘वेट’ लुकलुकायला लागलं की श्वास रोखून बसायचे. मग बारा महिन्यांचा नफा डोळ्यांदेखत पालटायचा. “हेच पूर्वी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन रात्र रात्र चालायचं,” हे प्रत्येक नवख्याला ऐकावं लागे. खोटं नव्हतं ते.

एकदा सहामाही अंदाजात कुठंतरी शून्यानं भागलं गेलं आणि एकूण बेरजेच्या जागी ‘एर’ उमटलं. मालकांनी चष्मा वर केला. “एर म्हणजे किती लाख?”

घरीही तेच. मेव्हणीच्या लग्नाचा खर्च त्यांनी तीन तऱ्हांनी काढला: उत्तम, मध्यम, वाईट. जिलबी माणशी दोन धरली तर, चार धरली तर. वहिनींनी कागदाची घडी घातली. “मी श्रीखंड सांगितलंय.”

१९९१च्या जुलैत १ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, ३ तारखेला पुन्हा झालं. परदेशी बेअरिंगा महागणार म्हणून स्टोअर्सवाले कपाळाला हात लावून बसले होते. समजासाहेब मात्र डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या किरकिरीत दुसऱ्यांदा कागद काढत होते, चेहरा उजळलेला. “बघा, डॉलरचा एकच चौकोन बदलावा लागला!” किती तोटा होणार, ते त्याच कागदाच्या तळाशी छापलेलं होतं.

गंमत अशी, की मालक तो लांबलचक कागद आदरानं हातात घेत, उलटा करत आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं चार आकडे मांडून ऑर्डर ठरवून टाकत. समजासाहेबांना याचा राग नव्हता. तो कागद ते परत मागून आणत, चपला काढत, मालकांचे चार आकडे शीटच्या एका कोपऱ्यात भरत आणि एफ-नाईनवर बोट ठेवून म्हणत, “समजा, मालकांचंच बरोबर धरलं...”